प्रोफेसर केळफा

फाळके हे आडनाव जरा उलटीकडून वाचून बघा. केळफा! साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी प्रोफेसर केळफा या नावाने एक गृहस्थ जादूचे प्रयोग करायचे. हे प्रोफेसर म्हणजे आपले दादासाहेब फाळके. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक, ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३... एवढं सगळं आपण जीकेच्या पेपरसाठी पाठ केलेलं असतं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठी सेकंड लँग्वेज, त्यामुळे मलाही तेवढंच माहीत होतं. हा माणूस आधी चक्क जादूगार होता, हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना कळलं, आणि तेसुद्धा एक जादूगार ठरवायच्या गडबडीत.

झालं असं की आमचा एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावर होता. शेवटच्या संध्याकाळी गावासाठी काहीतरी कार्यक्रम करायचा होता. ऑर्केस्ट्रा परवडणार नव्हता. आमची नाटिका म्हणजे गावकऱ्यांवर अन्याय झाला असता. मग कुणीतरी जादूगार बोलवू या म्हणालं आणि सगळे खूश झाले. आमचं बजेट ५ हजार. मी शहापूरची, आसपासची चार माणसं ओळखीची, म्हणून जादूगार शोधायचं काम माझ्याकडे आलं.

पण मीटिंगमध्ये आमच्या एका सिनियर ताईने एक प्रश्न टाकला आणि सगळे गप्प झाले. शहापूर-मुरबाडच्या आडगावांत आजही साप चावला की आधी भगताकडे नेणारी घरं आहेत. त्यात जाणारा वेळ जिवावर बेततो. भगताला झाडपाल्याचं ज्ञान असतं हे खरं, पण मंत्राने विष उतरत नाही. अशा ठिकाणी आपण कॉलेजच्या पैशाने एक माणूस नेणार, तो हवेतून नोट काढणार, राखेतून फूल काढणार, आणि आपण टाळ्या वाजवून परत येणार. मुलांच्या डोक्यात काय राहील? मंत्राने काहीही होतं, हेच ना? ताईचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दुसरीकडे, ज्या मुलांनी कधी जादूचा खेळ पाहिलाच नाही त्यांच्यापासून ती मजा काढून घ्यायची, हेही पटेना. सरांनी आम्हाला दोन दिवस दिले. त्या दोन दिवसांत जादूगारांबद्दल वाचता वाचता मी फाळक्यांपाशी पोचले आणि उत्तर तिथेच सापडलं. म्हणून हा लेख.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. घरात पूजापाठ, पौरोहित्य. मुलानेही तेच करावं अशी साहजिक अपेक्षा. पण मुलाचा ओढा चित्रकला, नाटक आणि हातचलाखीकडे. वडिलांना मुंबईत संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईत आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथून बडोद्याला, सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात. हे कलाभवन म्हणजे नुसतं चित्रकलेचं कॉलेज नव्हे. तिथे तांत्रिक शिक्षण मिळायचं, आणि आज बडोदा विद्यापीठाची जी इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे ती त्यातूनच वाढली. म्हणजे नात्याने फाळके आपले सिनियरच लागतात! तिथे ते पेंटिंग, आर्किटेक्चर, मॉडेलिंग, फोटोग्राफी असं सगळं शिकले. कॅमेरा घेतला, स्वतः फिल्म धुवायला आणि प्रिंट काढायला शिकले.

मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तिथे १९०० च्या सुमारास प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल दोघंही गेली. स्टुडिओ बंद करून ते परत बडोद्याला आले. इथे धंदा सुरू केला तर एक वेगळीच अडचण. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी अफवा लोकांत पसरली आणि गिऱ्हाईक येईना. विचार करा, ज्या माणसाचं घर प्लेगने रिकामं केलं, त्याचं पोट आता एका अंधश्रद्धेने रिकामं केलं. याच काळात, १९०१ च्या सुमारास, त्यांनी एका जर्मन जादूगाराकडे जादूचं रीतसर शिक्षण घेतलं. कॅमेऱ्याला घाबरणारे लोक जादूच्या खेळाला मात्र हौसेने यायचे! प्रोफेसर केळफा जन्माला आले ते असे.

जादू फार दिवस पोटाला पुरली नाही. १९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नीचं नाव सरस्वतीबाई. ही बाई लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफरची सरकारी नोकरी लागली, पण स्वदेशीच्या वाऱ्यात तीही सोडली. मग लोणावळ्याला आणि नंतर दादरला छापखाना काढला. रंगीत छपाईचं तंत्र आणि यंत्रं आणायला १९०९ मध्ये थेट जर्मनीला गेले. छापखाना चांगला चालला होता, तेवढ्यात भागीदारांशी पटेनासं झालं आणि फाळके बाहेर पडले. वय चाळीस. हातात काही नाही. आपल्याकडे एक केटी लागली तर आपण आठवडाभर जेवत नाही, आणि हा माणूस चाळिशीत पुन्हा झिरोवर!

त्याच दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातल्या तंबू थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्या मुलीला ही गोष्ट वाचून फार गंमत वाटली. कारण ख्रिसमसच्या नाटकात मी स्वतः सलग तीन वर्षं मेंढपाळ झालेली आहे! पडद्यावर ख्रिस्त चालताना पाहून फाळक्यांच्या डोक्यात राम आणि कृष्ण चालायला लागले. आपल्या गोष्टी अशा पडद्यावर का नसाव्यात, हा विचार त्यांना झोपू देईना. त्यांनी फिल्मचे तुकडे आणून प्रयोग सुरू केले, मिळेल तो सिनेमा पाहिला, आणि इतकं जागरण केलं की डोळे गेले. अक्षरशः काही दिसेना. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. बरे झाल्यावर त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपट कसा बनतो ते पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि पर्फोरेटर, म्हणजे फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र, यांची ऑर्डर दिली आणि एप्रिलमध्ये परत आले.

आता खरी जादू इथून पुढे आहे.

भांडवल हवं होतं, पण सिनेमा काढतो म्हणणाऱ्याला पैसे कोण देणार? फाळक्यांनी काय केलं, तर एका कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर लावला. रोज थोडी थोडी फ्रेम घेत महिन्याहून जास्त दिवस ते बसले. मग ती फिल्म सलग चालवली. बी फुटलं, कोंब आला, वेल वर चढला, सगळं एका मिनिटाच्या आसपास. ही फिल्म पाहून भांडवल देणारे तयार झाले.

तुम्ही रस्त्यावरच्या गारुड्याचा आंब्याचा खेळ ऐकला असेल. तो कोय मातीत पुरतो, वर कापड टाकतो, डमरू वाजवतो, कापड उचलतो तर रोप! पुन्हा कापड, पुन्हा डमरू, आणि रोपाचं झाड. हा आपल्या देशातला फार जुना आणि जगभर गाजलेला खेळ. त्यात सगळं काम कापडाखाली चालतं. फाळक्यांनी तोच खेळ केला, फक्त कापड काढून टाकलं. वाटाणा खरा, वेल खरा, वाढही खरी. बदलला तो फक्त वेळ. सॅम्पलिंगचा चॅप्टर ज्यांना बोअर होतो त्यांनी या वाटाण्याची आठवण ठेवावी.

मग ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू झाला. दादर मेन रोडवरचं घर म्हणजेच ऑफिस, स्टुडिओ, लॅब आणि मेस. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, जाहिराती देऊनही मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. आणि सरस्वतीबाई? युनिटच्या ६०-७० माणसांचा स्वयंपाक त्या करायच्या. उन्हात पांढरी चादर रिफ्लेक्टर म्हणून धरून उभ्या राहायच्या. कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची, ती भोकं त्या रात्री अंधारात बसून यंत्राने पाडायच्या. केमिकल्स मिसळायच्या. युनिटमधले लोक त्यांना काकी म्हणत. जादूगाराच्या खेळात जो हेल्पर असतो त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण त्याच्याशिवाय खेळ होत नाही. भारताच्या पहिल्या फिल्म टेक्निशियन बाईंचं नाव आपल्या जीकेच्या पुस्तकात नाही, हे मला फार खटकलं.

आता आपल्या ठाणे जिल्ह्याचा भाग. बाहेरची दृश्यं घ्यायला फाळक्यांनी वांगणी निवडली. तीच वांगणी, कर्जत लाइनवर बदलापूरच्या पुढचं स्टेशन. आमच्या मुरबाडच्या बाजूने पाहिलं तर डोंगर ओलांडला की पलीकडे. त्या वेळचं हे लहानसं खेडं. मंडळी पुढे पोचली, अंगावर राजा-सैनिकांचे कपडे, हातात लाकडी तलवारी. गावाला वाटलं दरोडेखोर आले! गावकऱ्यांनी पोलिसांना कळवलं आणि सगळी युनिट अडकली. फाळके येऊन समजावायला लागले, पण सिनेमा म्हणजे काय हेच ज्यांना माहीत नाही त्यांना काय समजावणार? शेवटी त्यांनी कॅमेरा लावला, आत फिल्म न भरताच, आणि नटांना एक प्रसंग करायला सांगितला. हँडल फिरवलं, काय चाललंय ते समोर करून दाखवलं. फौजदाराची खात्री पटली आणि सगळे सुटले. याच वांगणीत खेळताना भालचंद्र दगडावर पडला आणि त्याचं डोकं फुटलं. मुंबईला परत नेऊ या असं सगळे म्हणाले. फाळक्यांनी उपचार केले आणि बेशुद्ध मुलावरच रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग पूर्ण केला. हे वाचून मला कौतुक वाटलं की राग आला, अजून ठरवता येत नाही. मोठ्या माणसाच्या चरित्रात असंही एक पान असतं.

२१ एप्रिल १९१३ ला निवडक लोकांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांसाठी लागला. सिनेमाच्या जोडीला त्याच तिकिटात नाच, विनोदी प्रवेश आणि पायाने वस्तू झेलणाऱ्या एका कसरतपटूचा कार्यक्रम होता. म्हणजे आपल्या गॅदरिंगसारखंच! सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला अगदीच कमी जमला, तेव्हा फाळक्यांनी जाहिरातीत सांगितलं म्हणे की, तीन आण्यांत ५७ हजार फोटो आणि दोन मैल लांब चित्र. गर्दी लोटली. मी सवयीने कॅल्क्युलेटर काढला. चित्रपट ३,७०० फुटांचा, एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे ५९,२००. ५७ हजार जवळजवळ बरोबर! पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. इथे मात्र प्रोफेसर केळफा बोलले असणार!

पुढे फाळके नाशिकला गेले. मुंबई-नाशिक गाडी आमच्या आसनगाव, कसाऱ्यावरूनच घाट चढते, त्यामुळे कुठल्यातरी डब्यातून त्यांनी आमचा माहुली किल्ला नक्की पाहिला असेल असं मी समजते. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ आले. काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलतात अशी एक छोटी फिल्मही त्यांनी केली. काडी थोडी सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके रामही झाले आणि सीताही. हा चित्रपट एवढा चालला की मद्रासला जमलेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात. पडद्यावर राम आला की लोक चपला काढायचे, हात जोडायचे.

आता इथे थांबा. ज्याच्या एका इशाऱ्यावर लोक हात जोडतात, त्या माणसाला काय काय करता आलं असतं? स्वतःला सिद्धपुरुष म्हणवून घेणं किती सोपं होतं! फाळक्यांनी त्याच १९१७ च्या सुमाराला दुसरीच एक फिल्म काढली, चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी. तीत ते स्वतः काम करताना दिसतात. जादूगाराने खोका उघडून प्रेक्षकांकडे फिरवून ठेवावा, तसं. लेख लिहूनही त्यांनी आपली सगळी खटपट सांगितली. बडोद्यात अफवेने ज्याचा स्टुडिओ बसला, त्याला बहुतेक हे नीट कळलं होतं की आश्चर्य दाखवायचं असेल तर त्याची भीती राहू देता कामा नये.

मला हेच उत्तर हवं होतं. मीटिंगमध्ये मी सांगितलं की जादूगार बोलवू, पण अट घालू. सुरुवातीला त्याने ही हातचलाखी आहे, मंत्र नाही, असं मुलांना सांगायचं आणि शेवटी दोन जादू शिकवायच्या. पहिल्या जादूगाराने फोनवरच नकार दिला. धंद्याचं गुपित आहे, तेही बरोबरच. दुसरे काका कल्याणकडचे. ते म्हणाले, सांगायचं तर मी दर वेळी सांगतोच, आणि शिकवायला दोऱ्याची आणि नाण्याची जादू ठेवतो. त्यांनी मग मलाच प्रश्न विचारले. स्टेज किती उंच? तिन्ही बाजूंनी पडदा आहे का? मागे कुणी बसणार नाही ना? मुलं स्टेजपासून सहा-सात फूट लांब बसतील ना? लाइट गेली तर काय? येण्याजाण्याचा खर्च वेगळा आणि अॅडव्हान्स आधी. पुढच्या वर्षी ज्यांच्याकडे हे काम येईल त्यांनी ही यादी जपून ठेवा.

फाळक्यांचा वाटाणा डोक्यात होताच, म्हणून आम्ही कॅम्पच्या पहिल्या दिवशी शाळेच्या खिडकीत काचेच्या ग्लासात ओल्या कापसावर वाल ठेवले. आमच्या भागात भात निघाला की शेतात वालच, त्यामुळे बियाणं मुलांनीच घरून आणलं. दिवसा दर अर्ध्या तासाला मोबाइलवर एक फोटो. पाळ्या लावल्या होत्या, आणि चौथी-पाचवीची पोरं आमच्यापेक्षा वक्तशीर निघाली. दिवसाला २४, सहा दिवसांचे १४४. सेकंदाला १२ फोटो या हिशेबाने झाली १२ सेकंदांची फिल्म.

शेवटच्या संध्याकाळी सगळा पाडा आला. सरपंच, म्हातारी माणसं आणि पुढच्या रांगेत भगतसुद्धा. काकांनी टोपीतून कबुतर काढलं, फाटलेला कागद अखंड केला, सरांच्या कानातून पाच रुपये काढले (याला सगळ्यात जास्त टाळ्या!). मग त्यांनी नाण्याची जादू उलगडून दाखवली आणि मुलं ती एकमेकांवर करत बसली. त्यातच एका मुलाने उभं राहून काकांना विचारलं की साप चावला तर तुम्हाला विष काढता येतं का? सगळं एकदम शांत झालं. काका हसले नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं की मला नाणं काढता येतं, विष काढता येत नाही. ते औषध सरकारी दवाखान्यात मिळतं, तिथे लगेच न्यायचं, वाटेत कुठेही थांबायचं नाही. मी भगताकडे बघितलं. ते मान हलवत होते. होकाराने की सवयीने, मला सांगता येणार नाही. त्यानंतर वालाची फिल्म लावली. ती पाच वेळा लावावी लागली.

एका कार्यक्रमाने गाव बदलत नाही, एवढं आम्हालाही कळतं. पण तो प्रश्न सगळ्यांसमोर विचारला गेला आणि त्याला खरं उत्तर मिळालं, हे ५ हजारांत महाग नव्हतं.

फाळक्यांचा शेवट मात्र सुखाचा नाही. १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी छोटा कृष्ण झाली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. पण भागीदारांशी पुन्हा बिनसलं. ते काशीला गेले, नाटक लिहिलं, परत आले. पुढे बोलपट आले आणि मूकपटांचे दिवस संपले. १९३७ मध्ये कोल्हापूरला ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, तो शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले तेव्हा इंडस्ट्री त्यांना जवळजवळ विसरली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला, म्हणजे जाऊन २५ वर्षं झाल्यावर.

आपण इंजिनिअर होणार. आपण जे बनवू ते आपल्या आजीला, गावच्या काकाला, पाड्यावरच्या पोराला जादूच वाटणार आहे. मोबाइल जादूच आहे, एआय तर विचारूच नका. तेव्हा आपल्यापुढेही दोन रस्ते असतील: कापड झाकून डमरू वाजवायचा, किंवा फौजदारासमोर कॅमेरा उघडून आत काय आहे ते दाखवायचं. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेबांचं स्मारक आहे. आयव्हीला किंवा ट्रिपला गेलात तर नक्की जा, आणि आत शिरताना त्यांचं आडनाव एकदा उलटीकडून वाचा.